शिवेवरचे परके

हिलफील्ड लेनवरून गाडी वळली आणि पाटी दिसली: धरम मार्ग. लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायरच्या कुरणांमधून जाणाऱ्या रस्त्याचं हे नाव. पुढच्या सीटवर बसलेल्या वहिनीनं मांडीवरची फुलांची पिशवी सावरली. माझा मावसभाऊ हॅरोत राहतो. वहिनी महिन्यातून एकदा तरी इथल्या राधाकृष्णाच्या दर्शनाला येते. रस्ता जातो भक्तिवेदान्त मॅनरकडे. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं १९७३ साली ही जुन्या धाटणीची हवेली घेऊन इस्कॉनला देऊन टाकली. आज तिथे मंदिर आहे, गोशाळा आहे आणि जन्माष्टमीला हजारोंची रीघ लागते.

"दादा, मला आधी गावात सोड," मी म्हणाले.

"कुठल्या गावात?"

वीस वर्षं तो इथे येतोय. पण मंदिराला लागूनच लेचमोर हीथ नावाचं एक गाव आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. धरम मार्ग बांधला गेला तोच मुळी गावाला वळसा घालायला. त्याची गोष्ट पुढे येईल.

संपादकांनी या अंकासाठी 'परके' असा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा हेच गाव आठवलं. मधोमध हिरवळ, एक तळं, युद्धस्मारक आणि थ्री हॉर्सशूज नावाचा पब. १९६० सालच्या 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' या चित्रपटातलं मिडविच ते हेच. १९५०च्या दशकापासून ब्रिटनमध्ये असे चित्रपट निघत राहिले. परग्रहावरून कुणीतरी वाईट हेतूनं येतं, आणि ते उतरतं ते नेमकं अशाच एखाद्या गावात. निर्मात्यांच्या खिशात पैसे बेताचेच असत. हे चित्रपट मी कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिले होते. यंदा ते दादाच्या घरी पुन्हा पाहिले, आणि त्यांच्या जागा बघायला निघाले.

ट्रॅक्टर गोल फिरत राहतो

चौदा वर्षांचा माझा भाचा शेजारी सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. कृष्णधवल चित्रपट म्हटल्यावर त्यानं आधीच नाक मुरडलं होतं.

चित्रपटाच्या सुरुवातीला प्रोफेसर झेलबी फोनवर बोलत असतात. बोलता बोलता ते जमिनीवर कोसळतात. बाहेर शेतात ट्रॅक्टर चालवणारा स्टिअरिंगवरच आडवा होतो आणि ट्रॅक्टर आपला गोल फिरत राहतो. कुठल्याशा घरात कपड्यावर ठेवलेली इस्त्री तशीच राहते आणि धूर निघू लागतो. अख्खं गाव एका क्षणी झोपी गेलेलं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. भाच्यानं मोबाइल कधी उलटा ठेवला, मला कळलंही नाही.

मग लष्कर येतं. गावाच्या वेशीवर एक अदृश्य रेषा आहे आणि ती ओलांडणारा कोसळतो, हे त्यांच्या लक्षात येतं. एका शिपायाला गॅस मास्क चढवतात, कमरेला दोर बांधतात. तो चार पावलं टाकतो आणि पडतो. दोरानं मागे ओढल्यावर शुद्धीवर येतो. ना यान, ना किरणं, ना दूरच्या ग्रहाचा देखावा. हा सगळा प्रसंग एका दोरावर आणि नीट पडता येणाऱ्या एका नटावर उभा आहे.

पुढे काही तासांनी गाव जागं होतं, आणि दोनेक महिन्यांत उघड होतं की मूल होण्याजोग्या वयाच्या सगळ्याच बायकांना दिवस गेलेत. जन्माला येतात ती सोनेरी केसांची, एकमेकांच्या मनातलं वाचणारी, माणसाला मनाविरुद्ध वागायला लावणारी मुलं. ती कुणावर उलटली की त्यांचे डोळे पांढरे चमकतात. ती चमक नंतर प्रयोगशाळेत फिल्मवर चढवलेली. केसांचे टोप तर दिसतातच. पण भीती टोपाची वाटत नाही. ती वाटते आयांकडे बघून. पोटचं पोर परकं निघालं, तर त्याला जवळ घ्यायचं की नाही?

जॉन विंडहॅमच्या १९५७ सालच्या कादंबरीवरचा हा चित्रपट एमजीएम आधी अमेरिकेत करणार होती. पुरुषाविना गर्भ राहतो, या कल्पनेला तिथल्या कॅथलिक मंडळींनी हरकत घेतली. मग तो बोरहमवुडच्या ब्रिटिश स्टुडिओकडे आला. तिथे गावाचा सेट उभारण्याऐवजी दिग्दर्शक वुल्फ रिल्ला काही मैलांवरच्या खऱ्या गावात गेला. कोकणातल्या भुताच्या गोष्टीत भूत कधी दूरदेशी राहत नाही. ते आपल्याच परड्यातल्या विहिरीवर, रोजच्या वाटेवरच्या वडावर असतं. पैसे नसल्यामुळे इंग्रजांचा परग्रहवासीही असाच ओळखीच्या पबाच्या दारात आला.

हातमोज्यातला राक्षस

या परक्यांची सुरुवात लेचमोर हीथमध्ये झाली नाही. ती झाली उत्तर लंडनमध्ये एका टेकडीवर. तिथल्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीनं १९३६ साली नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. आम्ही बसनं वर पोचलो तेव्हा वारा असा होता की वहिनीनं पदर दोन्ही हातांनी धरला. खाली सगळं लंडन पसरलेलं. वास्तूच्या एका कोपऱ्यावर प्रक्षेपणाचा मनोरा अजून उभा आहे.

१९५३च्या २ जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक वेस्टमिन्स्टर ॲबेत झाला. तो पाहता यावा म्हणून कित्येक घरांनी पहिल्यांदा टीव्ही घेतला होता. त्यानंतर तीन महिनेही उलटायच्या आत, २२ ऑगस्टला, त्याच पडद्यांवर, त्याच ॲबेत लोकांना एक राक्षस दिसला. मालिका होती 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'. अंतराळात गेलेल्या तीन माणसांपैकी एकच परत येतो, आणि तोही आता पूर्ण माणूस राहिलेला नाही. त्याच्या शरीरात कशाचा तरी शिरकाव झालाय आणि तो हळूहळू वनस्पतीसारखा वाढतोय. सहा भाग, सगळे थेट प्रक्षेपित. एखाद्याचं वाक्य चुकलं की चुकलं.

शेवटच्या भागातला राक्षस लेखक नायजेल नील यानं स्वतः केला. हातमोजे घेतले, त्यांच्यावर चामड्याचे तुकडे आणि झाडपाला चिकटवला. ॲबेच्या आतल्या भागाचा एक मोठा फोटो करवून घेतला, त्याला भोकं पाडली आणि त्यातून मोजे घातलेले हात आत सारून ते वळवळत ठेवले. मदतीला होती त्याची होणारी बायको ज्युडिथ कर. मराठीत आडनावाचाच अर्थ हात, हा निव्वळ योगायोग. पण हे कळल्यापासून तो प्रसंग मला तिच्या नावाशिवाय आठवत नाही.

तो प्रसंग आता कुणालाच बघता येत नाही. सहांपैकी पहिले दोनच भाग फिल्मवर उतरवले गेले. बाकीचे चार हवेत गेले ते गेले. आपल्याकडे जुन्या नाटकांच्या प्रयोगांबद्दल ऐकावं, तसं या राक्षसाबद्दल फक्त ऐकायचं.

परग्रहवासी आणण्याची याहून स्वस्त युक्ती १९६१ साली बीबीसीवरच आली. 'ए फॉर अँड्रोमेडा'मध्ये कुणी येतच नाही. दूरच्या ताऱ्यांकडून रेडिओवर एक संदेश येतो, त्यात एक यंत्र बांधायच्या सूचना असतात, आणि माणूस आपल्याच हातानं आपलं संकट बांधतो. जॉन इलियटबरोबर ही मालिका लिहिणारा फ्रेड हॉइल म्हणजे जयंत नारळीकरांचा केंब्रिजमधला गुरू. नारळीकर पुढे मराठीत विज्ञानकथा लिहू लागले, 'यक्षांची देणगी' आली. आकाशाचा अभ्यास करून उरलेल्या वेळात गोष्टी सांगायची ती रीत त्यांना गुरूच्या घरीच बघायला मिळाली होती.

वजडी, कापूस आणि खोटा घाम

क्वाटरमासची मालिका गाजली आणि हॅमर या छोट्या कंपनीनं तिचे हक्क घेतले. हॅमरचा स्टुडिओ म्हणजे ब्रे गावाजवळ थेम्सच्या काठावरचं एक मोठं घर. दिवाणखाना आज प्रयोगशाळा, उद्या पोलीस ठाणं. बाहेरची दृश्यं ब्रे आणि विंडसरच्या रस्त्यांवर. खर्च सुमारे ४२ हजार पौंड. त्या काळाच्या मानानंही तो कमीच.

इतक्या पैशांत धंदा कसा चाले, हे समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटिश कायद्यानं चित्रपटगृहांना काही वाटा देशी चित्रपटांना द्यावाच लागे. शिवाय १९५०पासून तिकिटाच्या पैशातला थोडा हिस्सा एका निधीत जाई आणि ब्रिटिश निर्मात्यांना त्यांच्या गल्ल्याच्या प्रमाणात परत मिळे. त्याला ईडी लेव्ही म्हणत. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती, त्यामुळे तासा-सव्वातासाच्या जोडचित्रपटांना कायम मागणी. अमेरिकेत विकायचा तर एखादा अमेरिकी चेहरा हवा, म्हणून उताराला लागलेला तिकडचा नट बोलवायचा. क्वाटरमासच्या भूमिकेत ब्रायन डॉनलेवी आला तो असा. इंग्रज शास्त्रज्ञाच्या तोंडी अमेरिकी दरडावणी ऐकून नील शेवटपर्यंत चरफडत राहिला.

जाहिरातीलाही पैसे नव्हते. १९५१ साली सेन्सॉरनं एक्स प्रमाणपत्र सुरू केलं होतं: सोळा वर्षांखालच्यांना बंदी. इतर निर्माते त्याला बिचकत. हॅमरनं नावातल्या इंग्रजी 'एक्सपेरिमेंट'चं पहिलं अक्षर 'ई'च उडवलं आणि १९५५ साली पोस्टरवर छापलं 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट', त्यातलं एक्स ठळक. बंदीचीच जाहिरात झाली.

आणि राक्षस? विशेष दृश्यांचं काम पाहणाऱ्या लेस बोवीनं रबर घेतलं आणि त्याला जोड दिली वजडीची. होय, खाटकाकडे मिळते तीच. ओलसर, सुरकुतलेली, दिव्याखाली लकाकणारी. हे ऐकून दादा म्हणाला, "आपल्याकडे हिचा रस्सा करतात, यांनी राक्षस केला." पण खरं सांगायचं तर त्या चित्रपटात वजडीपेक्षा माणूसच जास्त भिववतो. परत आलेल्या अंतराळवीराचं काम करणाऱ्या रिचर्ड वर्ड्सवर्थला संवाद जवळजवळ नाहीतच. कवी वर्ड्सवर्थच्या वंशातला हा नट गालफडं आत ओढून, एक हात कोटाखाली लपवून नुसता चालतो. एका प्रसंगात एक लहान मुलगी त्याला आपल्या बाहुलीबरोबर खेळायला बोलावते. तिला आपल्याकडून काही होऊ नये म्हणून तो स्वतःशीच झगडतो आणि पळत सुटतो. तेवढ्यापुरता आपण राक्षसाच्या बाजूला असतो.

अशा क्लृप्त्यांची यादी लांब आहे. १९५८च्या 'द ट्रोलेनबर्ग टेरर'मध्ये डोंगरावर एक किरणोत्सारी ढग ठाण मांडून बसतो. तो ढग म्हणजे डोंगराच्या फोटोवर खिळ्यानं अडकवलेला कापूस. भाचा इथे खदाखदा हसला. १९६४च्या 'द अर्थ डाइज स्क्रीमिंग'मध्ये पृथ्वी जिंकायला आलेले यंत्रमानव सरेतल्या शिअर या गावच्या गल्लीतून संथपणे चालत येतात, आणि अवघ्या ६२ मिनिटांत सारं आटोपतं. १९६७च्या 'नाइट ऑफ द बिग हीट'मध्ये भर हिवाळ्यात एका बेटावर परग्रहवासीयांमुळे असह्य उकाडा होतो. चित्रीकरण खऱ्याच थंडीत. क्रिस्टोफर ली आणि पीटर कुशिंग शर्टाच्या बाह्या सरसावून, अंगावर खोटा घाम मारून उभे. त्याच वर्षीच्या 'दे केम फ्रॉम बियॉन्ड स्पेस'मध्ये परक्यांचा मनावरचा ताबा रोखायला चांदीचे चषक वितळवून डोक्यावर घालायची चाळण केली जाते, आणि ती करणारा मित्र असतो लाहोरहून तिकडे गेलेला गुणी नट झिया मोहिउद्दीन. पुढे १९७७चा 'प्रे' तर दहाएक दिवसांत उरकला. १९८२च्या 'एक्सट्रो'त मूकाभिनय करणाऱ्या कलाकाराला पोट वर करून हातापायांवर चालवलं. रात्रीच्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यांत तो आकार क्षणभर दिसतो. त्यावर मात्र भाचा हसला नाही.

टाक्यांच्या आत काय आहे

खरी जागा वापरायची सक्ती सगळ्यात फळली ती 'क्वाटरमास २'मध्ये. थेम्स समुद्राला मिळते त्या बाजूला एसेक्समध्ये शेल हेवन नावाचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. १९५७च्या या चित्रपटात तोच सरकारी गुप्त प्रकल्प झाला. कृत्रिम अन्न बनवतो म्हणायला, पण टाक्यांमध्ये खरं तर परग्रहावरून आलेल्या जिवांना पोसतो. घुमट, मैलोन्‌मैल नळ, जिने आणि त्यांत एकट्यानं पळणारी माणसं. असा सेट बांधायला हॅमरचा सगळा नफाही पुरला नसता. पाहणीला आलेला एक माणूस चोरून टाकीत डोकावतो आणि काळ्या राडीनं माखलेला जिना उतरत बाहेर येतो. जवळ जाऊ नका, त्याला हात लावू नका, असं ओरडावं लागतं. आज तिथे कारखाना नाही. तो १९९९ साली बंद झाला. त्या जागी लंडन गेटवे हे बंदर आहे आणि कंटेनरांच्या थप्प्या लागल्यात.

या चित्रपटात परके आधीच आत आलेले आहेत. पोलिसांत, मंत्रालयात. ज्यांच्या अंगावर खूण उमटलीय ते त्यांचे. शीतयुद्धाच्या काळात हा संशय हवेतच होता. पण नील त्याच्याही पुढे गेला.

१९५८च्या ऑगस्टअखेर लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांवर हल्ले केले. त्याच डिसेंबरात बीबीसीवर 'क्वाटरमास अँड द पिट' सुरू झाली. १९६७ साली हॅमरनं तिचा चित्रपट केला. त्यात हॉब्ज एंड नावाच्या भुयारी रेल्वे स्थानकात खोदताना आधी वानरमानवांच्या कवट्या सापडतात, मग पन्नास लाख वर्षं गाडलेलं यान. आत शिंगवाल्या टोळांसारखे मृत मंगळवासी. आपल्या मरणाऱ्या ग्रहावरून त्यांनी आपला वारसा ठेवायचा ठरवला आणि तो ठेवला वानरांच्या मेंदूत. आपल्यापेक्षा वेगळा दिसेल त्याला टिपून मारायचा, ही टोळधाडीची सवय. यान जागं होतं आणि लंडनच्या रस्त्यांवर साधीसुधी माणसं शेजाऱ्यांवर तुटून पडतात. क्वाटरमास स्वतःही क्षणभर त्यांच्यातला एक होतो.

परके कुठून आले, या प्रश्नाचं उत्तर इथे बदलतं. ते आपल्या रक्तातूनच वर येतात.

कायद्यातला 'एलियन'

आज आपण 'एलियन' म्हटलं की हिरवा, मोठ्या डोळ्यांचा प्राणी डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनमध्ये हा शब्द आधी कचेरीतला होता. १९०५ सालचा एलियन्स ॲक्ट मुख्यतः पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंना अडवण्यासाठी होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांवर 'शत्रू एलियन' असा शिक्का बसला, मग ते हिटलरपासूनच पळून आलेले का असेनात. हजारोंना आयल ऑफ मॅन या बेटावर तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. नायजेल नील लहानाचा मोठा झाला तो त्याच बेटावर.

आता या मंडळींची ओळख एकत्र करून बघा. क्वाटरमास मालिकांचा दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिये व्हिएन्नाचा ज्यू, नाझींमुळे देशोधडीला लागलेला. 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड'चा वुल्फ रिल्ला बर्लिनचा, हिटलर सत्तेवर आल्यावर कुटुंबासह लंडनला आलेला. प्रोफेसर झेलबी झालेला जॉर्ज सँडर्स, ज्याचा आवाज आपण 'जंगल बुक'मधल्या शेरखानच्या तोंडी ऐकलाय, जन्मला सेंट पीटर्सबर्गला. त्याच्या कुटुंबाला रशियन क्रांतीनं बाहेर काढलं. ज्युडिथ कर बर्लिनहून नऊ वर्षांची असताना निघाली. वडील लेखक, नाझींवर टीका करणारे. पुढे १९६८ साली तिनं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं, 'द टायगर हू केम टू टी'. दारावर टकटक होते, वाघ आत येतो, घरातलं सगळं खाऊन-पिऊन निघून जातो. घरचे त्याला बसायला खुर्ची देतात.

इंग्रज खेड्यात येणाऱ्या परक्याच्या गोष्टी पडद्यावर आणणाऱ्यांत इतकी माणसं स्वतःच परकी म्हणून आलेली होती. म्हणून या चित्रपटांचा कॅमेरा राक्षसाकडे कमी आणि दारात उभ्या माणसांच्या चेहऱ्याकडे जास्त बघतो, असं मला वाटतं. राक्षस दाखवायला पैसे नव्हते, हे खरंच. पण कुठे बघायचं, हे या मंडळींना ठाऊक होतं.

तळ्याकाठी

आता धरम मार्गाची गोष्ट. मंदिराची कीर्ती वाढली तशा सणाला गाड्या वाढल्या आणि त्या लेचमोर हीथच्या अरुंद गल्ल्यांतून जाऊ लागल्या. गावकऱ्यांनी तक्रार केली. तिच्यात तथ्य होतं. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल असे ते रस्ते. पण वाद नुसता वाहतुकीचा राहिला नाही. तो वर्षानुवर्षं चालला, १९९४ साली सार्वजनिक पूजेवर बंदीची वेळ आली, देशभरचे हिंदू लंडनच्या रस्त्यावर उतरले. १९९६ साली परवानगी मिळाली ती नव्या रस्त्याच्या अटीवर. मंदिर राहिलं, गाव शांत झालं. आणि दादा वीस वर्षं गावाच्या उशाशी येऊनही ते न बघता परत जात राहिला. कायद्याच्या भाषेत भारतीय माणूस ब्रिटनमध्ये 'एलियन' कधीच नव्हता. तो राष्ट्रकुलाचा नागरिक होता. शीव मात्र डांबराची निघाली.

या जातीचा अलीकडचा उत्तम चित्रपट, जो कॉर्निशचा 'अटॅक द ब्लॉक', २०११ साली आला. दक्षिण लंडनमधल्या सरकारी इमारतीवर परके उतरतात ते गाय फॉक्सच्या रात्री, ५ नोव्हेंबरला. आकाशात इतके बाण आणि फटाके की कुणाचं लक्षच जात नाही. इमारतीचं नाव विंडहॅम टॉवर, मिडविचच्या लेखकावरून. आणि गाव वाचवणारी पोरं कोण, तर पहिल्याच प्रसंगात एका नर्सला लुटणारी, टोपीवाल्या जॅकेटातली, ज्यांना बघून लोक रस्ता ओलांडतात तीच. पेकहॅमचा जॉन बोयेगा त्यांचा म्होरक्या. हा त्याचा पहिला चित्रपट. भाच्यानं तो आधीच तीनदा पाहिला होता. संवाद त्याला पाठ होते.

मी गावात तासभर होते. पबाच्या भिंतीचा फोटो घेतला. हिरवळीवर उभी राहून फिरणारा ट्रॅक्टर कुठे असेल याचा अंदाज बांधला. तळ्याजवळ एक वयस्कर गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. माझा सलवार-कुडता आणि हातातला कॅमेरा बघून थांबले.

मंदिर शोधताय का, त्यांनी आदबीनं विचारलं. रस्ता चुकलात, इकडून नाही, मागून आहे.

मी म्हटलं, मी चित्रपटासाठी आलेय. त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी हात करून पब, तळं आणि त्यामधली वाट दाखवली. कुत्रा माझ्या चपला हुंगत होता.

तेवढ्यात दादाची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. आरती झाली होती. वहिनीनं काच खाली केली, हातात द्रोण होता. पलीकडे उभ्या त्या गृहस्थांकडे तिनं पाहिलं, क्षणभर थबकली, आणि मग दार उघडून खाली उतरली.

"विचार ना त्यांना," ती मला म्हणाली, "प्रसाद घेतील का?"